ब्रायन मेचा टोन हवाय? पिकअप सगळ्यात शेवटी घे

प्रश्न थोडक्यात असा आलाय: स्ट्रॅटची (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारची) कॉपी आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), एक हाय गेन डिस्टॉर्शन पेडल आहे आणि २० वॉटचा ट्रान्झिस्टर अँप. क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याच्यासारखा गाणारा, लांबत जाणारा टोन काढायचाय, त्यासाठी त्याच्या गिटारमध्ये आहेत तसल्या बर्न्स ट्रायसॉनिक पिकअपचा सेट बाहेरून मागवायचा विचार आहे, बजेट तीसेक हजार, तर मागवू का?

नको मागवूस. म्हणजे आत्ता नको. माझ्याकडे पेडलं आणि अँप दुरुस्तीला येतात, त्यात हाच टोन शोधत येणारा कुणी ना कुणी असतोच, आणि बहुतेकांनी पैसे उलट्या टोकाकडून घातलेले असतात. आधी पिकअप, मग गिटार, मग चार पेडलं, आणि अँप मात्र तोच, कॉलेजात असताना घेतलेला. फोडणी जळाल्यावर वरून कितीही कोथिंबीर घातली तरी काय होणार.

एक गोष्ट आधी डोक्यात बसव, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. ब्रायनच्या टोनमध्ये डिस्टॉर्शनचं पेडलच नाहीये. गिटार, ट्रेबल बूस्टर (वरचे आवाज वाढवून सिग्नल जोरात पुढे ढकलणारा छोटा डबा) आणि शेवटपर्यंत उघडलेला व्हॉक्स एसी ३० हा व्हॉल्व्ह अँप, संपलं. आणि हे तीन डबे नाहीत, एकच सर्किट आहे असं समज, कारण बूस्टरचा लोड थेट पिकअपवर पडतो, बूस्टर अँपच्या पहिल्या व्हॉल्व्हला ढकलतो, आणि अँप फुल्ल असल्यामुळे गिटारवरचा व्हॉल्यूम हाच गेनचा नॉब होतो. यातलं एक काढून दुसरं घातलं की उरलेली दोन पण वेगळी वागायला लागतात. म्हणून नुसते ट्रायसॉनिक तुझ्या आत्ताच्या सेटअपमध्ये घातलेस तर ऐकू काय येईल, तर तुझंच डिस्टॉर्शन पेडल, जरा वेगळ्या चवीचं.

आता अँपपासून उलटं येऊ.

एसी ३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह, कॅथोड बायसवर, आणि पॉवर स्टेजला निगेटिव्ह फीडबॅक नाही. हे शब्द अवघड वाटले तर त्याचा कानाला होणारा परिणाम बघ. निगेटिव्ह फीडबॅक असलेला अँप बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो, म्हणजे डिस्टॉर्ट होतो. एसी ३० तसं करत नाही, तो आवाज वाढवत नेशील तसा हळूहळू दाट होत जातो, स्वच्छ कुठे संपलं आणि फाटलेलं कुठे सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येत नाही. कॅथोड बायसमुळे जोरात स्ट्रोक मारला की अँप किंचित दबतो आणि मग नोट मागून फुलून वर येते. तुला जो "लांबत जाणारा" आवाज वाटतोय ना त्यातला मोठा भाग हा आहे. वर दोन बारा इंची सेलेशन ब्लू स्पीकर, अल्निको मॅग्नेटचे, प्रत्येकी १५ वॉटचे, म्हणजे ३० वॉटच्या अँपला ३० वॉटचे स्पीकर, काही शिल्लक ठेवलेलीच नाही, त्यामुळे फुल्ल आवाजावर स्पीकर पण कामाला लागतात आणि वरचे टोकदार आवाज जरा गोल करतात.

चॅनेलबद्दल बरेच जण फसतात. एसी ३० म्हटलं की टॉप बूस्ट नावाचा चॅनेल, असं सगळीकडे ऐकलेलं असतं. ब्रायन नॉर्मल चॅनेल वापरतो. टॉप बूस्ट चॅनेल आधीच चमकदार आहे, त्यात पुढून ट्रेबल बूस्टर मारला की कानात सुई गेल्यासारखं होतं. नॉर्मल चॅनेल एकटा ऐकलास तर मंद वाटेल, झोपलेला वाटेल, आणि तसाच हवाय तो, त्याला जागं करायला बूस्टर आहे. आणि एसी ३० वरचा कट नावाचा नॉब उलटा चालतो, फिरवशील तसा ट्रेबल कमी होतो, हे माहीत नसल्यामुळे लोक तो "वाढवतात" आणि मग अँप बिघडलाय म्हणून घेऊन येतात.

आता तू म्हणशील फ्लॅटमध्ये एसी ३० फुल्ल कसा लावणार. नाही लावता येत. ३० वॉटचा व्हॉल्व्ह अँप फुल्ल म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका नाही तर सोसायटीचे सेक्रेटरी, कुणीतरी येणारच. एसी १५ अर्ध्या पॉवरचा आहे पण अर्धी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी, कानाला जेमतेम फरक. त्यामुळे "छोटा वॉट घेतला की प्रश्न सुटला" हे खरं नाही. दोन रस्ते आहेत, एक तर व्हॉल्व्ह अँपला ॲटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा डबा), किंवा मग सरळ मॉडेलर (अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र). तीस हजारात तुझ्यासाठी मी दुसराच सांगीन, त्याकडे पुढे येतो.

बूस्टरवर मात्र जरा थांबू, कारण खरी मजा इथे आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण इथेच.

गोष्ट अशी की १९६० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोरी गॅलाघरचा टेस्ट हा बँड वाजवायचा, आणि तरुण ब्रायन ते बघायला जायचा. एकदा शो संपल्यावर थांबून त्यानं रोरीलाच विचारलं की हा आवाज कसा काढतोस, तर रोरीनं काही न लपवता सांगितलं, एसी ३० आणि हा छोटा डबा. डबा म्हणजे डॅलस रेंजमास्टर. ही गोष्ट ब्रायननं स्वतः मुलाखतींमधून खूपदा सांगितलीये. (एवढ्या मोठ्या माणसानं समोरच्या पोराला सगळं सांगून टाकलं याचं मला अजून कौतुक वाटतं, आपल्याकडे साधं तारा कुठल्या लावतोस विचारलं तरी लोक विषय बदलतात.)

रेंजमास्टरच्या आत काय आहे? एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी४४, आणि मोजून थोडेसे पार्ट. इनपुटला ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, बायसला ४७० के आणि ६८ के, एमिटरला ३.९ के आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरला १० के चा पॉट हाच व्हॉल्यूम, आउटपुटला १० नॅनोफॅरड, ९ व्होल्टची बॅटरी. एवढंच. सगळी करामत त्या ५ नॅनोफॅरडमध्ये आहे. या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, खूप कमी आहे, दहा-पंधरा किलोओहमच्या घरात, त्यामुळे तो छोटा कपॅसिटर साधारण अडीच हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरतं करत नेतो. म्हणजे जाड आवाज वाढत नाहीत, वरचे वाढतात. आणि हे फाटण्याच्या आधी होतं हे महत्त्वाचं. जाड तारांचा बास जर फुल्ल अँपमध्ये तसाच ढकलला तर चिखल होतो, कॉर्ड वाजवली की नुसतं भर्रर्र. आधीच बास कमी करून ढकललं तर तीच कॉर्ड फाटूनही प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. ब्रायनच्या कॉर्ड ऐक, सगळं फाटलेलं आहे तरी आतला सूर न् सूर कळतो.

आता खरी गंमत. नाव ट्रेबल बूस्टर असलं तरी गिटारला जोडल्यावर तो ट्रेबल बूस्टर राहत नाही. पिकअप म्हणजे तारेची प्रचंड मोठी गुंडाळी, तिचा इंडक्टन्स असतो, सुरात वर जाशील तसा तिचा अडथळा वाढतो, आणि पुढे बूस्टरचा इनपुट इतका कमी ओहमचा की वरचे आवाज पिकअपमध्येच अडकून पडतात. खालून कपॅसिटर कापतोय, वरून पिकअप कापतोय, मध्ये उरतो तो मिडचा उंचवटा, नाकातून गायल्यासारखा. तोच आवाज तुला हवाय! पण यासाठी गिटार आणि बूस्टर यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. बफर (सिग्नल पिकअपपासून तोडून पुढे ढकलणारं सर्किट) असलेलं ट्यूनर पेडल मध्ये आलं, वायरलेस आला, ॲक्टिव्ह पिकअप असले, की पिकअपला तो लोड दिसतच नाही आणि बूस्टर खरोखरचा ट्रेबल बूस्टर होऊन दात शिवशिवतात. माझ्याकडे "बूस्टर फार किंचाळतो" म्हणून डबा आला की मी उघडायच्या आधी विचारतो, आधी काय लावलंय? बहुतेक वेळा उत्तर ट्यूनर. ट्यूनर बूस्टरच्या नंतर टाक, काम झालं, पैसे नाही घेत त्याचे.

ओसी४४ च्या मागे मात्र लागू नकोस. एक तर महाग, दुसरं म्हणजे त्या नावाचा शिक्का मारलेला भलताच माल फिरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला जुन्या दुकानदाराकडे चौकशी केलीस तर जुन्या रेडिओंमधले एसी१२८ अजून निघतात, आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले पण. पण जर्मेनियम डोळे झाकून लावायचा नसतो, आधी मोजायचा. पद्धत सोपी आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस एमिटरला, मायनस २.४ के च्या रेझिस्टरमधून कलेक्टरला, बेस मोकळा, आणि त्या रेझिस्टरवर मीटर लाव. जे व्होल्ट दिसतील ती गळती. समज ०.२ दिसले. मग बेसपासून मायनसला २.२ मेगओहमचा रेझिस्टर टेकव, आता समज १.१ दिसले. दोघांतला फरक ०.९, त्याला शंभरनं गुणलं की गेन, म्हणजे साधारण ९०. छान ट्रान्झिस्टर. ७० ते १२० च्या मधला घ्यायचा. गळतीच जर ०.७ च्या वर असेल तर ठेवून दे, मल्टिमीटर कितीही गेन दाखवू दे, तो गेन खोटा, मीटर गळती पण गेनमध्येच धरतो.

हे मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरून बघ एकदा. आकडा डोळ्यांसमोर वर सरकत जातो, नुसत्या बोटाच्या ऊबेनं. जर्मेनियमची गळती दर १० अंशांना जवळजवळ दुप्पट होते. लंडनच्या गारठ्यात हा प्रश्न फारसा नव्हता, पण तू जर नागपूर-चंद्रपूरकडचा असशील आणि मे महिन्यात उघड्या स्टेजवर वाजवणार असशील तर जानेवारीत गोड वाजणारा डबा संध्याकाळच्या सहाला घसा बसल्यासारखा वाजेल. उपाय म्हणजे ६८ के च्या जागी १०० के चा ट्रिमपॉट टाकायचा आणि कलेक्टर ते ग्राउंड ७ व्होल्टच्या आसपास लावून घ्यायचा, उन्हाळ्यात परत एकदा तपासायचा. नाही तर सरळ सिलिकॉन वापरायचा. आणि सिलिकॉन म्हणजे तडजोड असं अजिबात समजू नकोस, ब्रायनचे स्वतःचे नंतरचे बूस्टर सिलिकॉनचेच आहेत. "जर्मेनियमशिवाय तो आवाजच नाही" असं म्हणणारे लोक पडद्यामागून ऐकवलं तर कितपत ओळखतील, मला शंका आहे.

अजून एक, ओसी४४, एसी१२८ हे पीएनपी आहेत, मूळ सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचं, म्हणजे बॅटरीचा प्लस ग्राउंडला. बाकीच्या पेडलांच्या एकाच अडॅप्टरच्या माळेत हा अडकवलास की शॉर्ट. बॅटरीवर चालव, पाव-अर्धा मिलिअँपच खातो, महिनोन्महिने जाते, फक्त वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेव.

आता गिटार. ब्रायनची गिटार म्हणजे रेड स्पेशल, तिची गोष्ट बहुतेकांना अर्धी माहीत असते. ऑगस्ट १९६३ मध्ये ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी घरीच बनवायला घेतली, वडील इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, दोनेक वर्षं लागली. नेक जुन्या फायरप्लेसच्या महोगनी लाकडातून, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, ट्रेमोलोच्या दांडीचं टोक आईच्या विणायच्या सुईचं, फ्रेटवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. पहिले पिकअप पण घरीच बनवले होते, बटण मॅग्नेट आणून, पण तार बेंड केली की विचित्र आवाज यायचा कारण तार मॅग्नेटच्या एका पोलवरून सरकून भलत्याच फील्डमध्ये जायची. म्हणून मग बर्न्सचे ट्रायसॉनिक विकत आणले, आणि ते मायक्रोफोनिक होऊन शिट्टी मारू नयेत म्हणून आत ॲराल्डाइट ओतून घट्ट केले. हो, तेच ॲराल्डाइट, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते.

पण ट्रायसॉनिकपेक्षा मोठी गोष्ट त्यांची जोडणी आहे, आणि ती तुला जवळपास फुकटात मिळू शकते. तुझ्या स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप एकत्र चालू केलेस की ते पॅरलल जोडलेले असतात, तो पोकळ, काचेसारखा आवाज. रेड स्पेशलमध्ये तिन्ही पिकअप सिरीजमध्ये आहेत, प्रत्येकाला एक चालू-बंदचा स्विच आणि एक फेजचा, म्हणजे पिकअपचा सिग्नल उलटा करायचा स्विच. सिरीज केलं की व्होल्टेज बेरजेत येतं, आवाज जाड होतो, मिड पुढे येतो, वरची चमक खाली सरकते. आणि वर जे सांगितलं ना, पिकअपचा इंडक्टन्स आणि बूस्टरचा कमी ओहमचा इनपुट, ते गणित दोन पिकअप सिरीजमध्ये असले की अजून पक्कं बसतं. ब्रायनचं रोजचं सेटिंग म्हणजे ब्रिज आणि मिडल, सिरीज, इन फेज. तुझे पिकअप पाच-सहा किलोओहमचे असतील, दोन सिरीजमध्ये म्हणजे ११-१२, हंबकरच्या (दोन कॉइल शेजारी शेजारी असलेल्या पिकअपच्या) वर, पण हंबकर नाही कारण दोन कॉइल तारेवर लांब लांब बसलेल्या आहेत.

करायचं काय तर टोनच्या दोन पॉटपैकी एक काढ, त्या जागी पुश-पुल पॉट टाक आणि ब्रिज-मिडल सिरीजचं वायरिंग करून घे. चांगला रिपेरवाला तासाभरात करतो. दुसऱ्या पुश-पुलवर मिडलचा फेज उलटवायचा स्विच. पाचशे-हजाराच्या आतबाहेरचं काम आणि सेट मागवायच्या आधी निम्म्याहून जास्त रस्ता कापून होतो.

फेजच्या बाबतीत एक मेख आहे ती सांगून ठेवतो. आउट ऑफ फेज केलं की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात कारण दोन्ही पिकअपखाली तार त्या सुरांना जवळपास सारखीच हलते, वरचे हार्मोनिक मात्र उरतात कारण तिथे तार दोन ठिकाणी वेगवेगळी हलते. म्हणून तो नाकातला, किंचाळणारा आवाज. एकटा ऐकलास तर इतका बारीक आणि हळू की वाटेल काहीतरी सुटलंय. बूस्टर आणि फुल्ल अँप असेल तरच तो उभा राहतो. आणि तुझा मिडल पिकअप जर रिव्हर्स वाउंड (उलट गुंडाळलेला) असेल, आजकालच्या बऱ्याच सेटमध्ये असतो, तर इन फेजला हम (विजेची घुंई) कमी होणार पण फेज उलटवल्यावर हमची बेरीज होणार, तेव्हा "वायरिंग चुकलं" म्हणून रिपेरवाल्याशी भांडू नकोस, ते असंच असतं. पत्र्याचं कव्हर असलेला पिकअप असेल तर कव्हरचं ग्राउंड आधी वेगळं काढून घे, नाही तर फेज उलटवल्यावर कव्हर सिग्नलच्या बाजूला जातं आणि हात लावला की बझ्झ.

स्केल लेंग्थबद्दल सहसा कुणी बोलत नाही. रेड स्पेशल २४ इंची आहे, स्ट्रॅट साडेपंचवीस. त्याच सुरात त्याच तारांना रेड स्पेशलवर ताण साधारण ११ टक्के कमी पडतो. त्या सैलपणामुळेच त्याचे बेंड आणि व्हायब्रॅटो इतके लोण्यासारखे जातात. यावर एक फुकटची युक्ती: स्ट्रॅट अर्धा सूर खाली ट्यून कर आणि पहिल्या फ्रेटला कॅपो लाव. कॅपोपासून ब्रिजपर्यंतचं अंतर बघ, बरोब्बर २४ इंचाच्या आसपास येतं. वर कॅपो झिरो फ्रेटचं काम करतो, आणि रेड स्पेशलला झिरो फ्रेट आहेच. तारा ९ ते ४२ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) पुढे जाऊ नकोस. करून बघ, पैसे लागत नाहीत, आणि बोटांना लगेच कळतं.

मग नाणं. ब्रायन पिकनं वाजवत नाही, जुन्या ब्रिटिश सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतो हे ऐकलं असशील. हा नुसता नखरा नाहीये. नाणं वाकत नाही, त्यामुळे बोटांत घट्ट धरता येत नाही, सैलच धरावं लागतं आणि सगळी लवचिकता बोटांत येते. आणि कडेला बारीक खाचा असतात, नाणं तारेला तिरकं लावलं की त्या खाचा तारेवर घासून नोटेच्या सुरुवातीला एक खरखर येते, आणि सपाट लावलं की ती जाते. सहा पेन्स ऑनलाइन मिळतं पण त्याची गरज नाही. घरात जुन्या डब्यात बघ, आपलं १९८० च्या आसपासचं २५ पैशाचं तांबं-निकेलचं नाणं, चार आणे, १९ मिलिमीटरचं, कडेला खाचावालं, आकारानं सहा पेन्सच्या अगदी जवळ. २०११ मध्ये चलनातून गेलंय, निदान इथे तरी कामाला येईल. तारा जरा लवकर झिजतात एवढंच.

इथून पुढे सगळं थोडक्यात. स्टेजवर ब्रायनचे तीन अँप असतात, मधला कोरा, बाजूचे दोन इफेक्टचे. १९७० च्या दशकात दोन इकोप्लेक्स, टेपचे डिले, आणि प्रत्येकाचा आवाज स्वतःच्या वेगळ्या अँपला, म्हणजे स्वतःशीच तीन गिटारची हार्मनी वाजवायची. एकाच फुल्ल अँपमध्ये मूळ आवाज आणि डिले दोन्ही घातले तर दोन्ही एकमेकांत फाटून खिचडी होते. म्हणून तू डिले घेणार असलास तर तो फाटल्यानंतर हवा, मॉडेलरमध्ये कॅबच्या (स्पीकरच्या खोक्याच्या मॉडेलच्या) नंतर टाक, ८०० मिलिसेकंदाच्या आसपास, एकच रिपीट.

आणि रेकॉर्डवरचा प्रत्येक आवाज या सेटअपचा नाही हे पण लक्षात ठेव. "क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह" मधला सोलो टेलिकास्टरवर आहे, तो रेड स्पेशलनं काढायला बसलास तर डोकं धरशील. १९७५ च्या "अ नाइट ॲट द ऑपेरा" मध्ये गिटारनं जे पितळी वाद्यांचे आवाज काढलेत ते डीकी अँपवर, म्हणजे बेसिस्ट जॉन डीकननं कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डवरून एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बनवलेला बॅटरीवरचा इवलासा अँप. एसी ३० तिथे नाहीच. (क्वीनचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी पाचगणी काढतंच, फ्रेडी तिथल्या सेंट पीटर्सला होता, हेक्टिक्स हा त्याचा पहिला बँड तिथलाच, खरं आहे, पण टोनशी त्याचा काडीचा संबंध नाही.)

तर तुझे तीस हजार. डिस्टॉर्शन पेडल विकून टाक, थोडी भर पडेल. सगळ्यात आधी स्ट्रॅटचं सिरीज वायरिंग आणि फेज. मग बूस्टर, स्वतः बनव किंवा कुणाकडून बनवून घे, सिलिकॉन चालेल. उरलेल्यातली मोठी रक्कम मॉडेलरला किंवा चांगल्या ऑडिओ इंटरफेसला, लॅपटॉप असेलच. त्यात एसी ३० चं मॉडेल घे, नॉर्मल चॅनेल, व्हॉल्यूम फुल्ल, नॉइज गेट बंद, कॅब दोन बाराची सेलेशन ब्लूवाली. गिटार थेट बूस्टरमध्ये, बूस्टर इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला. इथे एक काळजी, बूस्टर खूप जोरात सिग्नल देतो आणि इंटरफेसचा इनपुट अँपच्या व्हॉल्व्हसारखा गोड फाटत नाही, घाणेरडा फाटतो. म्हणून इंटरफेसचा गेन अगदी खाली, आणि तरीही लाल दिवा लागत असेल तर बूस्टरचा नॉब कमी करून तेवढाच गेन मॉडेलमध्ये वाढव.

तुझ्या २० वॉटच्या ट्रान्झिस्टर अँपच्या पुढे नुसता बूस्टर लावलास तर निराश होशील, तो अँप फाटायला बनवलेलाच नाही. त्याचा उपयोग मॉडेलरचा आवाज मागच्या ऑक्स इनमधून (बाहेरचा आवाज घ्यायच्या सॉकेटमधून) ऐकायला कर, हेडफोन असेल तर तो त्याहून बरा.

सेट झाल्यावर बूस्टर कायम चालू ठेव, बंद करायचाच नाही. गिटारचा व्हॉल्यूम दहावर म्हणजे सोलो, सात-आठवर कॉर्ड, तीन-चारवर जवळपास स्वच्छ, आणि तो स्वच्छ आवाज बूस्टर बंद केल्यावर मिळणाऱ्या स्वच्छ आवाजापेक्षा कितीतरी चांगला असतो. व्हॉल्यूमचा पॉट खरखरत असेल किंवा तीनवरून एकदम दहाला उडी मारत असेल तर तोही त्याच खेपेला बदलून घे, २५० के चा ऑडिओ टेपर. महिनाभर नुसत्या त्या एका नॉबवर वाजव.

ट्रायसॉनिक त्यानंतर. तेव्हा सिरीजमध्ये तुझा स्ट्रॅट ऐकून तुलाच कळेल काय कमी पडतंय, बहुधा ब्रिज पिकअप जरा कडक वाटेल आणि मिड थोडा अजून हवा असं वाटेल, आणि मग सेट मागवलास तर पैसे वसूल. एकच बघून घे, ट्रायसॉनिकचं खोकं स्ट्रॅट पिकअपपेक्षा मोठं असतं, स्ट्रॅटच्या मापात बसणारे वेगळे मिळतात ते माग, नाही तर पिकगार्ड कापावं लागेल. आणि पुढेमागे कुठे जुना एसी ३० किंवा दुसरा व्हॉल्व्ह अँप स्वस्तात मिळाला तर आधी व्होल्टेज बघ, अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा असेल तर स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि मागचा पत्रा स्वतः उघडायचा नाही, प्लग काढून ठेवला तरी आत कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर बसलेले असतात.